दगड उतरवायच्या आधी

काल रात्रभर मला झोप लागली नाही. आमच्या पायवाटेच्या वरच्या कड्यावर एक दगड सुटलाय. त्याच्या फटीवर आम्ही सिमेंटची पट्टी लावून ठेवली होती, ती काल तडकलेली सापडली. पट्टी तडकली म्हणजे दगड हलला. दगड कपाटाएवढा आहे. उद्या सकाळी दोरीवर लटकून तो पाडायला मी जाणार आहे. म्हणून हे मृत्युपत्र लिहितेय.

मी टेकड्या राखणाऱ्या संस्थेत पायवाटा बांधायच्या कामावर आहे. वय सत्तावीस, शाळा सातवीपर्यंत. मी पूर्ण शुद्धीत आहे. मला कुणी दमदाटी केलेली नाही, कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. भीती वाटतेय, पण डोकं जागेवर आहे. आमच्या कामावरचे मुकादमकाका म्हणाले, एकेक गोष्ट नंबर घालून लिही, म्हणजे मागाहून कुणी फाटे फोडायला नको.

एक. माझी मुलगी. ती पाच वर्षांची आहे, तिला सगळे फुगी म्हणतात. तिचे बाबा नाहीत. कामाला चालत जाताना त्यांना रस्त्यावर डंपरने मागून उडवलं, तेव्हा ही रांगत होती. मी नसले तर फुगीला माझ्या दादाने आणि वहिनीने सांभाळायचं. दादा माझ्याशी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही त्यानेच सांभाळायचं. तो माझ्यावर रागावलाय, पोरांवर कधी रागावत नाही. वहिनीचा स्वभाव तर लोण्यासारखा आहे, फक्त तिने लाडाने डोक्यावर बसवू नये.

फुगीला झोपताना कुणाच्या तरी पायाला पाय लावून झोपायची सवय आहे, ती मोडू नका. जेवायला एकदाच हाक मारायची. दोनदा मारली की भूक नाही म्हणते. खोटं बोलली की डावा कान ओढते, तेव्हा रागवायचं नाही, नुसतं कानाकडे बघायचं.

दोन. जमीन. वडिलांनी टेकडीचा उतार आम्हा दोघांत वाटून दिला. वरचा कड्याचा भाग मला, खालचा सपाट भाग दादाला. माझ्या हिश्श्याचा मी संस्थेशी करार केलाय. जमीन माझ्याच नावावर राहते, पण तिथे खोदायचं नाही, बांधायचं नाही, झाड तोडायचं नाही, आणि लोकांना पायवाटेने जाऊ द्यायचं. मी मेले तरी करार राहतो. ती जमीन फुगीला द्यावी, करारासकट. मोठेपणी तिला कुणीतरी सांगेलच की तुझ्या आईला अक्कल नव्हती. दादाने तर मला तोंडावर सांगितलं, "विकता येत नाही, बांधता येत नाही, मग ती जमीन कसली? फोटो आहे फोटो. भिंतीला लाव."

मी म्हटलं, "लावते. तुझ्या हिश्श्याचं काय करतोस?"

"खडीवाल्याला देणार. शहरात घर घेणार. माझ्या हिश्श्यातून माणूस काय, मांजरही जाऊ देणार नाही."

"मांजर जातंच, दादा. तुला विचारत नाही."

त्या दिवसापासून तो माझा फोन उचलत नाही.

फुगी, मोठी होऊन तू हे वाचशील तर एवढं ऐक. ही वाट वस्तीपासून शाळेपर्यंत जाते. वाट नसली तर पोरांना डंपरच्या रस्त्याने जावं लागतं. मी करारावर सही केली ती एवढ्यासाठी. बाकी पक्षी, झाडं, संस्थेच्या मॅडम सांगतात ते सगळं खरं आहे, पण ते मला मागाहून आवडायला लागलं.

तीन. सामान. माझी पहार मुकादमकाकांना द्यावी. त्यांची वाकली आहे आणि ते मान्य करत नाहीत. बूट शेजारच्या शिवणवाल्या ताईंना होतील, पुढे कापूस घालावा. शिवणाचं मशीन त्यांचंच आहे, माझ्याकडे पडून आहे, वहिनीने चुकून नेऊ नये. पोस्टातलं खातं फुगीच्या नावावर आहे, ते तिच्या शिक्षणाशिवाय कशाला मोडू नये. माझे कपडे कुणालाही द्या. हिरवा स्वेटर मात्र फुगीजवळ ठेवा, ती त्याची बाही तोंडात धरते.

पुढचा नंबर काय द्यायचा कळत नाही, कारण आता द्यायचं काही उरलं नाही, सांगायचं आहे.

मला कुणी ढकललेलं नाही. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, दगड कोण उतरवेल? मशीन तिथवर पोचत नाही. शहरातला दोरवाला पुढच्या महिन्यात येणार, दगड तोवर थांबेलसं वाटत नाही, आणि वाट तोवर बंद ठेवली तर पोरं डंपरच्या रस्त्यावर जातात. सुरुंग लावायचा नाही, कारण कड्याच्या कपारीत पक्ष्यांची पिल्लं आहेत. मलाही एक पिल्लू आहे, पण ते मी तिथे बोलले नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. दोरीचं शिक्षण आमच्यात मीच घेतलंय. तोंडातून निघून गेलं, मी जाते.

बाहेर आल्यावर मुकादमकाका चिडले. "तुला कुणी विचारलं होतं?"

"मॅडमनी विचारलं ना."

"मॅडमनी हवेत विचारलं होतं गं!"

"मग ते माझ्या डोक्यावर पडलं, काका."

ते हसले नाहीत. त्यांनी माझी दोरी घेतली आणि वीतवीत करत हाताखालून तपासत बसले. उद्या वरून दोरी तेच धरणार आहेत. काही वाईट झालं तर त्यांना कुणी एक शब्द बोलायचा नाही. दोरी नीट होती असं मी आत्ताच लिहून ठेवते.

दादालाही कुणी बोलायचं नाही. वस्तीत कुजबुज आहे ती मला माहीत आहे. दादाच्या सपाट भागातून जुनी वाट आहे, कड्यापासून लांब. त्याने ती दिली असती तर आपली पायवाट त्या दगडाखालून न्यावीच लागली नसती. हे खरं आहे. पण जमीन त्याची, नाही म्हणायचा हक्क त्याचा. दगडाने मला नेलं तर ते दगडाने नेलं. दादाने मारलं असं फुगीच्या कानावर कधी जाऊ देऊ नका. त्याने शेवटपर्यंत वाट दिली नाही, तरी मुलगी त्याच्याकडेच. हा काही सौदा नाही.

पायवाटेवर दगड बसवला की आम्ही त्याच्यावर चढून उड्या मारतो. खडखडला की दगड बोलला म्हणतो आणि काढून परत बसवतो. फुगी शाळा सुटली की सगळ्यांच्या आधी उड्या मारते. आज तिने विचारलं, "आई, तू त्या मोठ्या दगडाला खाली बोलावणार?"

"हो."

"आणि तो तुझ्यावरच आला तर?"

"मी बाजूला उभी राहणार."

"दोरीवर कुणी उभं राहतं का?"

 मी तिला दप्तर आवरायला सांगितलं.

मी घाबरले नव्हते असं मागाहून कुणी म्हणू नका. मी फार घाबरले आहे. मला मरायचं नाही. मला फुगीचे पुढचे दात आलेले बघायचे आहेत.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, खाडाखोड माझीच आहे.

सही: फुगीची आई

साक्षीदार पहिले: पायवाटेच्या कामावरचे मुकादम. सही केली, चष्मा लावून वाचून.
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिवणवाल्या ताई. सही केली.
ठिकाण: संस्थेची अवजारांची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: आज मंगळवार, दगड उतरवायच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सह्यांच्या खाली लिहितेय, चालेल का ते माहीत नाही. साक्षीदारांच्या सह्या झाल्यावर हे सुचलं, आणि तोंडाने सांगायला जीभ उचलत नाही. दादाला यातलं काही कळवायचं नाही अशी शपथ मी मुकादमकाकांना घातली होती. ती मी मागे घेते. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, पण तुम्ही तेवढं थांबू नका. ज्याच्या हातात हा कागद असेल त्याने माझ्या भावाला फोन करा. माझ्या फोनवरून नको, तो उचलणार नाही. त्याचा नंबर काकांकडे आहे. रडून सांगू नका, रडणाऱ्यांचं तो ऐकत नाही. एवढंच सांगा, पट्टी तडकली, उद्या तुझी बहीण दोरीवर आहे, खालची वाट दिलीस तर तिला जावं लागणार नाही. तो नाही म्हणाला तर फुगीचं सांगून ठेवा आणि फोन ठेवा. पण करा. आत्ता करा.