फोनमधून पुसलं, म्हणून कागदावर

चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माझ्या मुलांनो, आधी डोक्याला हात लावून बघा. सापडला? आता वाचा. वाचून झालं की हा कागद परत बटणांच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवा. नाहीतर कुठे ठेवला ते मला विचारायला याल, आणि मी नसेन.

मी, या घराची आणि खालच्या शिवणकामाच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एक्क्याऐंशी, पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि समोरच्या घरातले निवृत्त मास्तर लिहून घेत आहेत. मास्तर, भाषा सुधारायची नाही. वाचून दाखवाल तेव्हा मला कळेल.

हे माझं दुसरं मृत्युपत्र. पहिलं दोन महिन्यांपूर्वी फोनमध्ये बोलून ठेवलं होतं. त्याचं काय झालं ते कलम तीनमध्ये येईल.

कलम १. वरच्या तीन खोल्या आणि बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. तीन खोल्यांचे दोन भाग कसे करायचे ते दोघांनी बसून ठरवावं. मी जन्मभर दीड पॅंटच्या कापडात दोन पॅंट बसवल्या आहेत.

कलम २. दोरे. मला आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा एक सुती दोरा असतो. पहिली गाठ गळ्याची, दुसरी बाहीची, मग छाती, मग कंबर. टोकाला त्या माणसाच्या पहिल्या कपड्याची चिंधी, म्हणजे कुणाचा ते कळतं. तुमचे वडील गेले तेव्हा कापडवाला म्हणाला होता, अडाणी बाईकडे कोट कोण शिवून घेईल? त्याचा दोरा पहिल्या खिळ्याला असायचा.

गेल्या हिवाळ्यात थोरला भिंती रंगवून द्यायला आला. मायेनेच आला, ते मी नाकारत नाही. त्याने दोनशेच्या वर दोऱ्यांचे एकेक करून फोटो काढले आणि दोरे कचऱ्याच्या गाडीत घातले.

"आई, सगळं क्लाउडवर आहे. आता घर जळलं तरी तुझे दोरे सुरक्षित."

"बरं. मग तो फोटो कापडवाल्याच्या पोटाभोवती गुंडाळून दाखव."

फोटोत सगळे दोरे सारखेच, वीतभर. लठ्ठ कापडवाल्याचा तेवढाच, आणि नर्सबाईंच्या काडीएवढ्या लेकीचा तेवढाच. मी आणि धाकट्या सुनेने गिऱ्हाइकांना पुन्हा बोलावलं. एकशे तीस जण आले. ती मापं घेत होती, मी गाठी मारत होते. हे नवे दोरे खिळ्यांवरून कुणीही उतरवायचे नाहीत. फोटो काढून तर मुळीच नाहीत.

कलम ३. फोन. थोरल्याने घरातले सगळे फोन एकाच खात्याला जोडून दिले. तेव्हापासून त्याच्या ऑफिसातले तक्ते माझ्याकडे येतात आणि डॉक्टरांसाठी काढलेले माझ्या गुडघ्यांचे फोटो त्याच्याकडे जातात. वर रोजची कुरकुर, जागा संपत आली, जागा संपत आली. एवढं मला माहीत होतं. बोललेलंही सगळीकडे पोहोचतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी पाऊण तास बोलले. दोऱ्यांपासून सुरुवात केली आणि थोरल्याला सुनावायचं राहिलेलं सगळं सुनावलं. मग चहा करून प्यायले, कप विसळते आहे, तोच त्याचा फोन.

"आई, माझ्याबद्दल हे असलं बोलून ठेवलंस?"

"तू कुठं ऐकलंस?"

"माझ्या फोनवर आलं. काढून टाकलं मी."

"तुझ्याकडचं काढ की. माझं मला राहू दे."

"माझ्याकडचंच काढलंय गं!"

माझ्याकडचंही गेलं, धाकट्याकडचंही. सून म्हणाली, "थांबा आई, पुसलेलं महिनाभर कचरापेटीत राहतं." तिने उघडली, तर ती पेटीही रिकामी. थोरल्याला जागा हवी होती.

तर थोरल्या, ऐक. किती ऐकलंस असं मी विचारलं, तेव्हा म्हणालास, "दहा मिनिटं. पुढचं ऐकवेना." त्यानंतर, अगदी शेवटाकडे, मी दुकान तुझ्या नावावर केलं होतं. कारणही सांगितलं होतं. शाळेतून आल्यावर काजं तू करायचास, आणि या घरात माझ्यानंतर शिवणाचा हात तुझाच. ते तू स्वतः पुसलंस. मी ते पुन्हा सांगणार नाही.

कलम ४. दुकान, दोन्ही मशीन, मोठी कात्री आणि भिंतीवरचे सगळे दोरे धाकट्या सुनेला. नऊ वर्षं मी तिला 'तिरपी शिवण' म्हणते आहे. शिवण अजून तिरपीच आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. पण ती शेवटच्या टाक्यापर्यंत शिवते. थोरल्याला कोर्टात जायचं असेल तर खुशाल जावं. वकिलाचा कोट मीच शिवला आहे.

कलम ५. फोन थोरल्याला. त्यात आता माझं काही नाही. त्याचा दोरा मात्र भिंतीवर आहे, कंबर अंदाजाने धरली आहे. मी आहे तोवर येऊन माप देऊन जावं.

सुईने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे फोन माझा अंगठा ओळखत नाही. म्हणून इथे शाईने उठवते आहे. चार वेळा उठवते, कुणाला शंका नको.

डाव्या हाताचा अंगठा: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. कोपऱ्यावरचा कुलपं दुरुस्त करणारा (सही)
लिहून घेणार व वाचून दाखवणार: मास्तर (सही)
ठिकाण: दुकानाच्या वरची खोली, खिडकीजवळ
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

मास्तर, उठू नका, एक राहिलं. माझ्यामागे दर शनिवारी दुकानातून थोरल्याकडे डबा जाईल. घट्ट सूप, पाव आणि दोन उकडलेली अंडी. अंडी सोलून द्यावीत, तो अर्धी सोलून सोडून देतो. डबा हातात द्यावा. डब्याचा फोटो पाठवून भागवू नये.