वरची धार

२ मार्च. पहाटे.
आजपासून वरची धार बंद. ठरलं म्हंजे ठरलं. भूगावच्या सोसायटीत अकरा घरी दुधाचा रतीब घालते. त्याच्यावरच दारात दोन म्हशी उभ्या हायेत. पितळी शेर भरून ओतायचा आन वर आणिक धार सोडायची, ही आमच्या सासूची खोड. अनुसया म्हातारी मरताना सुदिक म्हणाली, धार चुकवू नको. पुण्य तिला, पेंड आमची.
लोक लिटर मागतात, मी शेर घालते. शेर मोठाच असणार. जुनं माप हाय.

४ मार्च.
खात्री केलेली बरी. पाण्याच्या लिटरच्या बाटलीत शेर ओतला. दोन बोटं कमी. परत ओतला. परत कमी. कंपनीवाले बाटली मोठी करतात, दिसायला. मालक म्हणाले, अगं, मापच लहान असंल. त्यांचं शिक्षान माझ्यापेक्षा कमी. मी चौथी.

७ मार्च.
तिसऱ्या मजल्यावरची मेधा म्हणाली, मावशी, दूध कमी वाटतंय. म्हटलं, गॅस बारीक ठेवा, आटतंय.

९ मार्च.
मेधानं केकचा मग आणला, रेघा मारलेला. नऊशे तीसला दूध थांबलं. म्हटलं, केकचं माप दुधाला चालत न्हाई. शेजारची जुईली हसली. हसू दे. उद्यापास्नं नको म्हणाली, ते पण हसतच.

१२ मार्च.
सहा घरं गेली. पिशवी घेतात. चार दिवसांत पोटं बिघडतील, मग येतील मावशी मावशी करत.

१६ मार्च.
कुणाचं पोट बिघडलं न्हाई. मेधा पण गेली. कंबर लई दुखती. दुधाचं दही लावलं. दह्याचं ताक केलं. ताक कोण पिणार एवढं.

१९ मार्च.
एकटे बंडोपंत राहिले. पौडात होते तवापास्नं आमचंच दूध. त्यांनी पितळी माप हातात घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाले, शेर लिटरपेक्षा छटाकभर लहान. लिटर आलं तरी अनुसयाबाईंनी हे टाकलं नाही. "अहो, ती धार धरून लिटर होत होतं."
मग म्हातारीनं तसं सांगायचं. नुसतं चुकवू नको म्हणून कुणाला कळतंय.

२२ मार्च.
पौडातनं स्टीलची मापं आणली, शिक्क्याची. दहा दारं वाजवली. दहाही घरी पिशवी. मालक एक म्हस बाजारात न्यायची म्हणतायत.
बंडोपंतांच्या सुनेनं पण पिशवी लावली. आता त्यांचं पाव लिटर, तेबी मांजरापुरतं.
काठोकाठ भरून ओतलं. आता बरोबर हाय, वर काय घालायची गरज न्हाई. मांजर तर मोजत पण न्हाई.
तरी हातानं धार सोडलीच.