एका तासात एकशेवीस कंद

५ ऑक्टोबर, रविवार
पार्सल आलं! ड्रिल, आणि त्याला लावायचा, जमिनीत भोकं पाडायचा स्क्रू. चांगला हातभर लांब. खोक्यावर हसऱ्या बाईचा फोटो, मागे फुलंच फुलं. सूचनांचं पुस्तक बारा भाषांत. वाचलं नाही. पंचवीस वर्षं प्लॅनिंग विभागात काढलेल्या माणसाने सूचना काय वाचायच्या!

सासूबाईंना दाखवलं. जूनमध्ये स्वतःचं घर विकून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा एक ट्रंक आणि लिलीचे एकशेवीस कंद, एवढंच घेऊन आल्या. सासऱ्यांच्या हातच्या बागेतले. म्हणाल्या, खुरप्याने रोज दहा लावते, चार बोटं खोल, बारा दिवसांत होतील. मी म्हणालो, बारा दिवस कशाला? एक तास!

बावीस वर्षांत या बाईने मला एकदाही छान म्हटलेलं नाही. घर बांधलं, तर म्हणाल्या, हवा येते. प्रमोशन मिळालं, तर म्हणाल्या, उशिरा का होईना. यंदा म्हणायला लावणार म्हणजे लावणार.

११ ऑक्टोबर, शनिवार
आलेखाच्या कागदावर अंगणाचा नकाशा. तीन रंगांत. मग कुंडीत ट्रायल. कुंडी फुटली. तिचं वय झालंच होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी ७.१०. शुभारंभ. बायको आणि सासूबाई, दोघींना खुर्च्या टाकून समोर बसवलं.

७.२५. जमीन गुळगुळीत होते आहे. भोक पडत नाही. माती सुमार दर्जाची.

८.००. बायको म्हणते, उलटं फिरतंय का बघा. हसू आलं. फिरतंय ते फिरतंय, त्यात उलटं काय नि सुलटं काय!

८.४०. ड्रिलला सपोर्ट म्हणून पहार घेतली.

९.०५. पाणी लागलं! अंगणात जिवंत झरा! नाचलोच. बायकोने जाऊन मेन कॉक बंद केला. झरा थांबला.

दुपारी प्लंबर. शेजारचे श्री. रंगारी कुंपणावर रेलून पोट धरधरून हसत होते. काही लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
गारठा होता म्हणून सासूबाईंनी विणलेला स्वेटर घालून कामाला लागलो. ड्रिलने बाही धरली. बंद करेपर्यंत कोपरापर्यंत उसवली. लोकर स्क्रूवर काय सुरेख गुंडाळली गेली! वीण सैल होती, असं म्हणालो. म्हणायला नको होतं. सासूबाई ड्रिल मांडीवर घेऊन लोकर सोडवत बसल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, इथे बाण आहे हो, दाबला की उलटं फिरतं. मी म्हणालो, असू दे.

दुपारी पहारीने चार खड्डे केले. हातभर खोल, कारण पाया खोल हवा. प्रत्येकात तीस कंद. घाऊक पद्धत! वर माती, माझा पाय. बावीस मिनिटांत काम फत्ते. ड्रिल आणलं म्हणून तर हे सुचलं, तेव्हा श्रेय ड्रिलचंच.

सासूबाईंनी विचारलं, सगळे पुरलेत? मी म्हणालो, सगळे. त्या तडक आत गेल्या. भारावल्या असाव्यात.

२० ऑक्टोबर, सोमवार
ऑफिसातून आलो तर अंगणभर माती उकरलेली. मांजरं! सासूबाईंच्या नखांत माती, गालांवर लाली. त्यांना इथली हवा मानवली.

१ मार्च, रविवार
कोंब! चारच ठिकाणी नव्हे, अंगणभर. सरळ रांगांत! कंद जमिनीखाली आपापली जागा शोधतात, हा माझा अंदाज होताच. रंगाऱ्यांना कुंपणाशी बोलावून अर्धा तास समजावून सांगितलं. ते पुन्हा हसले.

५ एप्रिल, रविवार
फुललं! एकशेअठरा फुलं, तीनदा मोजली. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, अगदी ह्यांच्या बागेसारखं. त्यांचे डोळे भरले. खोटं कशाला लिहू, माझेही भरले. हीच वेळ, म्हणून मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि घसा साफ केला.

त्या म्हणाल्या, छान आहे हो.

बावीस वर्षं! मी म्हणालो, छे छे, त्यात काय एवढं. त्या म्हणाल्या, यंत्राचं म्हणतेय.

बायको फस्सकन हसली. मग सगळं बाहेर आलं. त्या सोमवारी मी ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी चारही खड्डे उकरून कंद वर काढले. दोन माझ्या पायाखाली चेचले गेले होते. मग ड्रिलचा बाण दाबला. स्क्रूवर चार बोटांची खूण म्हणून माझ्या बाहीची लोकर बांधली. उरलेले सगळे कंद लावून झाले. पन्नास मिनिटांत.

म्हणजे एक तास हा माझा अंदाज बरोबरच होता.

ड्रिल आता त्यांच्या पलंगाखाली असतं. रंगारी उद्या त्यांच्याकडे शिकायला येणार आहेत. चहा मी करायचा आहे.