लांब सुराचा मान

३ ऑगस्ट, सकाळी ६
आजपासून श्वासाचा सराव. गणपतीला चोवीस दिवस. जयपूरच्या आपल्या मंडळात विठ्ठलाच्या आरतीतला तो लांब सूर सहा वर्षं मीच ताणतोय. एकेक जण गळतो, शेवटी मी एकटा. तेहतीस सेकंद. आज घड्याळ लावून बघितलं. अकरा. घड्याळाचा सेल बदलायला हवा.

५ ऑगस्ट
पहाटे चारला खोकला. रोज चारलाच. शरीराला शिस्त आहे माझ्या. जयंती म्हणाली, डॉक्टरकडे चला. बायको आहे, काळजी करणारच. तिला समजावलं की राजस्थानची हवा कोरडी, घसा धरतो. ती म्हणाली, तीन दिवस पाऊस पडतोय.

९ ऑगस्ट
गच्चीवर कबुतरांना ज्वारी घातली. पुण्याचं काम, शिवाय मोकळी हवा. पन्नासेक कबुतरं एकदम फडफडली आणि दहा मिनिटं छाती आवळून आली. मन भरून आलं असणार.

१२ ऑगस्ट
ऑफिसची लिफ्ट बंद. तीन जिने. प्रत्येक मजल्यावर थांबून विम्याची पोस्टरं वाचली. आपल्याच कंपनीची आहेत, कुणीतरी वाचायला नकोत?

१६ ऑगस्ट
अवनी नववीत आहे, मराठी निम्मं हिंदीत बोलते. म्हणाली, बाबा, तुमच्या छातीतून सीटी वाजते, मतलब श्वास सोडताना. शाळेत कुणी डॉक्टर दम्यावर बोलून गेले म्हणे. शिट्टी, पहाटेचा खोकला, छाती आवळणं, चढताना धाप. मी प्रामाणिकपणे चारही तपासले. चारही आहेत, पण प्रत्येकाचं कारण वेगळं. शिवाय दमा लहानपणी होतो नाहीतर म्हातारपणी. मी अठ्ठेचाळीसचा. बसतच नाही.

२० ऑगस्ट
मंडळाची मीटिंग. जगतपुऱ्याचे नवे सभासद, सुभेदार नागनाथ, रिटायर्ड, वय पासष्ट. म्हणाले, आम्हीही सूर लावू. मी प्रेमाने सांगितलं, काका, या वयात छाती सांभाळा.

२४ ऑगस्ट
आज नऊ सेकंद. सराव बंद केला. मोठे खेळाडू सामन्याआधी विश्रांतीच घेतात.

२८ ऑगस्ट, दुपारी
काल चतुर्थी. सगळं लिहून टाकतो. मांडवात धूप, कापूर, दीडशे माणसं. सूर धरला. चार सेकंदांत आवाज गेला, नुसती शिट्टी उरली. हवा आत कोंडली, बाहेर येईना. बोलता येईना. अवनी समोर उभी राहून रडत होती. मी घाबरलो. खूप घाबरलो.
नागनाथकाकांनी सूर अर्ध्यावर सोडला, खिशातून पंप आणि एक प्लास्टिकचं नळकांडं काढलं आणि माझ्या तोंडाला लावलं. मग सरळ हॉस्पिटल. गाडीत म्हणाले, निवृत्त झाल्यावर मलाही दमा निघाला, रोज औषध ओढतो म्हणून तर गाता येतं.
सूर सोडला तेव्हा त्यांचे एकोणीस सेकंद झाले होते. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं.

३० ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंनी एका नळीत फुंकायला लावलं. जीव खाऊन फुंकलो. आकडा दोनशे दहा. विचारलं, आजचा सर्वांत जास्त का? म्हणाल्या, तुमच्या उंचीला साडेपाचशे हवा. दमाच आहे. कबुतरं बंद. पंप सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. सवय लागेल का, विचारलं. म्हणाल्या, श्वासाची लागलेलीच आहे ना?

६ सप्टेंबर
विसर्जन झालं. मी टाळ वाजवले, सूर काकांचा.
काल रात्री सलग सात तास झोपलो. सकाळी जयंतीला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, मीही झोपले, होळीनंतर पहिल्यांदाच. रोज पहाटे ती उठून माझ्या छातीवर हात ठेवून बसायची म्हणे, श्वास चाललाय ना ते बघत. मी विचारलं, मग मला उठवलं का नाहीस? म्हणाली, एकदा उठवलं होतं, तुम्ही अर्धा तास मला नीट श्वास कसा घ्यायचा ते शिकवत बसलात.