डॉक्टर म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही

मंगळवार, संध्याकाळ

शनिवारी फुटाणा चावताना दाढेचा कोपरा तुटला, म्हणून आज क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी आरसाच माझ्या हातात दिला. उरलेल्या दाढेवर केसाएवढी बारीक, काळी चीर होती.

"ही मुळापर्यंत गेलीय का?" मी विचारलं.

"ते आत्ता सांगता येत नाही. एक्स-रेतही दिसत नाहीये. उघडून पाहू. मुळापर्यंत नसेल तर दाढ वाचवून कॅप बसवू, असेल तर काढावी लागेल."

घरी हे सांगितलं तर अण्णा हसलेच. "डॉक्टरलाच माहीत नाय, मग काय आपण सांगायचं? उपटून टाक अन् मोकळी हो. घरातली पहिली बीए, अन् दाढ काढायला घाबरती!"

घाबरत नाही मी. पण सांगता येत नाही म्हणणाऱ्या बाईंवरच माझा विश्वास का बसतोय? कॉलेजात शंका विचारली की सर चिडायचे. उलट या बाईंनी आरसा कसा धरायचा ते दाखवलं. जीभ सारखी दाढेवर जाते, पण ती चीर जिभेला लागतच नाही. एवढ्याशा रेषेवर अख्ख्या दाढेचं ठरणार?

गुरुवारची वेळ घेतली. आधी आत बघायचं, मगच ठरवायचं.

आईच्या खालच्या सगळ्या दाढा एकेक करून काढून झाल्यात. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी येऊ का गं संगं? बाईला इचारायचंय, माझ्या काढायलाच लागत व्हत्या का."