वाकडे आटे

बाबा, तुमची रायफल आता माझ्याकडे आहे, आणि गेला महिनाभर मी तुमच्यावर चिडलेली आहे. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर चिडून काय होणार, हे मलाही कळतं. तरी सकाळी ब्रिस्टलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की मी मनात तुमच्याशी भांडायला लागते, आणि तुम्ही नेहमीसारखा उजवा कान पुढे करून "काय?" म्हणता. मग मी आणखी चिडते.

तुम्ही गेल्यावर ती रायफल तुमच्या शेतकरी मित्राने त्याच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे बंदुकीच्या परवान्यावर, ठेवून घेतली होती. आता त्याचे गुडघे साथ देत नाहीत, आणि हरणांनी त्याची नवी लावलेली झाडं सोलून काढली आहेत. मला म्हणाला, "तुझ्या वडिलांबरोबर या शेतात तू किती हिंडलीस. एक तर तू घे, नाहीतर मी ती मोडीत देतो." मोडीत हा शब्द मला सहन झाला नाही. पोलिसांनी घरी येऊन बंदूक ठेवायचं कपाट बघितलं, बरेच प्रश्न विचारले, आणि शेवटी सर्टिफिकेटवर रायफल आणि मॉडरेटर दोन्ही लिहून आलं. मॉडरेटर, म्हणजे नळीच्या तोंडाला बसवायचं, बाराचा आवाज कमी करणारं ते लांबट नळकांडं. तुम्ही त्याला डबडं म्हणायचात.

नळीच्या तोंडाला आटे होतेच. नवा मॉडरेटर किचन टेबलावर ठेवून मी आटे पुसले आणि तो हाताने फिरवत बसवला. सहज बसला. दुसरं कुणी तिथेच थांबलं असतं. पण बाबा, विमानाच्या कारखान्यात मी दिवसभर हेच बघते, एक भाग दुसऱ्यात खरंच बसलाय की नुसता बसल्यासारखा दिसतोय. आट्यांच्या मागे नळीला एक छोटा खांदा असतो. मॉडरेटरची कड त्या खांद्याला सगळीकडून टेकायला हवी. मी कागदाची पट्टी सरकवून पाहिली. एका बाजूने अडली, दुसऱ्या बाजूने आरामात आत गेली. मग रायफलीचा मागचा सरकता बोल्ट काढला आणि रिकाम्या नळीतून मागून उजेडाकडे पाहिलं. मॉडरेटरचं पलीकडचं भोक नळीच्या मधोमध दिसायला हवं होतं. दिसलं ते एका बाजूला सरकलेलं, ग्रहण लागल्यासारखं. आटेच वाकडे पाडले होते. नळीची दिशा एक आणि आट्यांची दुसरी. मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हणाले, "म्हणजे हे होतं होय!"

कारण तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. मेडनहेडच्या घरी आई हरणाच्या मटणाचा पांढरा रस्सा करते आहे, खोबऱ्याचं दूध गाळते आहे. मी ब्रिस्टलहून वीकेंडला आले आहे, नवी नोकरी, नवा पगार. तुम्ही चिखलाचे बूट न काढताच आत येता आणि ओट्यावर काहीतरी आपटता. तुमचा पहिलावहिला मॉडरेटर, तोंड आतून फाटून बाहेर आलेलं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथकडे थांबावं लागणार होतं म्हणून तुम्ही कुणा ओळखीच्या माणसाकडून त्याच्या गॅरेजमधल्या लेथवर आटे पाडून घेतले होते, आणि पहिलीच गोळी आतल्या भिंतीला घासून गेली होती. तुमचा चेहरा पांढराफटक आहे. आई विचारते, "अहो, लागलं का कुठं?" तुम्ही म्हणता, "फालतू वस्तू! आपल्या आजोबांनी कधी असली डबडी लावली होती?" मी म्हणते, "बाबा, रायफल दाखवा ना मला. कुठे चुकलंय ते बघते." आणि तुम्ही हात धूत, माझ्याकडे न बघता म्हणता, "तू तुझी विमानं बघ की गं."

बस, एवढंच. तो फाटका मॉडरेटर कचऱ्यात गेला आणि तुम्ही पुन्हा उघड्या नळीने मारायला लागलात. कान झाकणारे डिफेंडर लावा म्हटलं तर त्यात हरणाची चाहूल लागत नाही म्हणायचात. आधी डावा कान गेला. मग कानात रातकिडे ओरडतात म्हणून तुम्ही झोपताना रेडिओ चालू ठेवायला लागलात.

आणि मग तुमचं काम. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं की भूल देणारा डॉक्टर ऑपरेशनभर कानाने पेशंट सांभाळतो. मॉनिटरची टिकटिक वाजत असते, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला की तिचा सूरही उतरतो. स्क्रीनकडे पाठ असली तरी कळतं. एक दिवस तो सूर उतरला आणि नर्सने तुमचं नाव घेऊन हाक मारली तेव्हा कुठे तुम्ही वळलात. पेशंटला काही झालं नाही. पण त्यानंतर तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल टाकलं नाहीत. आम्हाला सांगितलंत की कंटाळा आला. खरं काय ते फक्त आईला सांगितलंत, आणि तिने मला तुम्ही गेल्यावर.

मला राग याचाच येतो. तुमच्या मुलीला हेच काम येत होतं. ती त्याच किचनमध्ये, तुमच्या शेजारी उभी होती. एक कागदाची पट्टी पुरली असती, बाबा. मी काय मागितलं होतं? रायफल टेबलावर ठेवा, एवढंच. तुम्हाला मुलीने चूक दाखवलेली नको होती, की घाबरलात हे कुणाला दिसायला नको होतं? किती वेळा विचार केला, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं.

गनस्मिथने आटे पाहून नुसता सुस्कारा सोडला. जुना तुकडा कापून टाकला, नळीच्या मध्याला धरून नवे आटे पाडले, नळीची पुन्हा सरकारी तपासणी करून आणली. आता पट्टी कुठूनच आत जात नाही आणि मागून पाहिलं की गोलात गोल दिसतो. गेल्या रविवारी तुमच्या मित्राच्या शेतात कागदी निशाणावर पहिली गोळी मारली, कानाला डिफेंडर लावून. गोळी हवा चिरते तो फटकारा उरतोच, पण छातीत बसणारा तो दणका गेला होता. तुमचा मित्र गाडीजवळून ओरडला, "मारतेयस की नाही अजून?" मी म्हटलं, "मारली!" तो हसत सुटला. मला हसू आलं नाही. मी तिथेच ओल्या गवतात बसून राहिले.

परतताना आईकडे गेले. ती आता फार बोलत नाही, पण तुमचा विषय निघाला की सावरून बसते. "बसलं का ते नीट?" तिने विचारलं.

"बसलं."

"आवाज कमी येतो?"

"खूप कमी."

तिने खिडकीचा पडदा सारखा केला. मग म्हणाली, "ह्यांचंच मेलं कसं फुटलं गं? करून तर बघितलं होतं त्यांनी."

हे सगळं माझ्या ओठावर होतं. महिनाभर दुसरं काही नव्हतंच. पण मी म्हणाले, "तेव्हा ते चांगले बनवतच नव्हते, आई."

"तेच म्हणायचे ते," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं असतं तरी मी टाकलं नसतं. माझा राग अजून गेलेला नाही. पण मी तुमच्या बाजूने खोटं बोलले, बाबा, आणि ते बोलताना मला विचारसुद्धा करावा लागला नाही.