काळी दोनचा अंतरा

प्रिय दादा,

जयभीम.

काल तुमच्या यंदाच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन झालं. जेवणं झाली, पाहुणे गेले. माय आज सकाळपासून खुश आहे आणि मला तिच्याजवळ बसवत नाही. म्हणून लिहायला घेतलं. घरात कुणाला सांगण्यासारखं नाही हे. बापालाच सांगावं म्हटलं, तर बाप कुठं ऐकणार आहे?

तुमची चाल गेली, दादा. जयंतीला तुम्ही पेटीवर म्हणायचे ते तुमचं स्वतःचं गाणं. शब्द साऱ्या वस्तीला पाठ आहेत. मुखडा मलाही वाजवता येतो. पण अंतरा कुणालाच येत नाही. तिथं तुम्ही वर चढायचे अन् एकाएकी खाली यायचे, माय पदर डोळ्याला लावायची, एवढंच ध्यानात राहिलं. बोटं कुठून कुठं जायची ते गेलं.

तुमची शिकवायची तऱ्हाच तशी! पोरगं शिकायला आलं की पेटीच्या पट्ट्यांना हात लावू द्यायचे नाहीत. सारा पावसाळा नुसता भाता मारायला लावायचे. "पहिले वारा बराबर भरता आला पाह्यजे," म्हणायचे. मग एक ओळ तोंडानं द्यायची, ती बसली की दुसरी. अर्धी पोरं भात्यावरूनच पळून जायची. मी टेप आणते म्हटलं, तर म्हणाले, "टेप काय शिकविते? समोर बस."

बसले की समोर. मला मुखड्यावर थांबवलं. "तुहा वारा अजून तुटून राहिला," म्हणाले. अन् त्याच हिवाळ्यात स्वतःच उठून गेले. काहून, दादा? तुटत होता तर तुटू द्यायचा होता. अंतरा तरी हातात दिला असता.

तुम्ही होता तेव्हा हिंगोलीत नेट कॅफे म्हणजे नवलाई होती. आता चौकाचौकात झालेत. बाजाराच्या दिवशी कनेरगाव नाक्यावरून जीप धरायची, पिशवी मांडीवर घेऊन त्या खोक्यात बसायचं. कॅफेवाला म्हणाला, "मॅडम, सब मिलता है, टाइप करो." तुमची गायची पट्टी काळी दोन, पेटीवरची दुसरी काळी, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'काली दोन' टाइप केलं. पडद्यावर काय यावं? एकीकडं जीभ काढलेली कालीमाता, दुसरीकडं बंदूकवाले डॉन! कॅफेवाला हसला, मीही हसले. तुम्ही तर पेटी बंद करून हसला असता.

मग कळलं, तिकडं काळी दोनला डी शार्प म्हणतात. ते टाकलं तर पेटी शिकवायचा व्हिडिओ निघाला. कुठली कोण बाई, तोंड दिसत नाही, नुसता उजवा हात दिसतो. भाता मारणारा डावा हात पडद्याबाहेर. मधेच चित्र अडकतं, गोल गोल फिरत राहतं. पण खरं सांगू? तिनं शिकवलं मला. थांब म्हटलं की थांबते, पुन्हा म्हटलं की पुन्हा दाखवते, कधी रागवत नाही. तुम्ही वर्षभरात दिलं नसतं ते तिनं एका उन्हाळ्यात दिलं. आज मी वस्तीत कुणाचंही गाणं वाजवू शकते. फक्त तुमचं नाही. घरी येताना जीपमध्ये रडू यायचं, तुमचा राग यायचा.

तुमचं नावही टाकून पाहिलं, इंग्रजीत जितक्या तऱ्हेनं लिहिता येतं तितक्या तऱ्हेनं. त्या नावाचे नागपूरला एक वकील आहेत. बाकी कुणी नाही.

मग तुमच्या प्रकाशकडं गेले. तुमच्याजवळ सगळ्यात जास्त टिकलेला तोच. आता कीबोर्ड घेतलाय, सारं नेटवर पाहून शिकतो. म्हणाला, "ताई, मुखडा येते. अंतऱ्याचं ध्यान न्हाई राहिलं बा. नेटवर पाहा नं, असंल."

"नेटवर कोण टाकलं असंल, प्रकाश? तुहाशिवाय कोणाला येत होतं?"

"कोणी तरी टाकलंच असंल की."

पूर्वी एक जण विसरला तर दुसऱ्याच्या ओट्यावर विचारायला जायचा. आता ज्याला त्याला वाटतं, दुसऱ्या कुणी टाकलं असेल.

काल प्रकाश कीबोर्ड घेऊन आला. शब्द तुमचे, मुखडा तुमचा, अन् अंतऱ्याला नेटवरची कुठली तरी चाल लावली. वाईट वाजवलं नाही त्यानं. मंडपात टाळ्या पडल्या. मायनं माझा हात धरला. "ह्यांचीच चाल व्हय नं गं ही?"

मी काय सांगायला पाहिजे होतं? मी "व्हय" म्हटलं.

"मंग गेली न्हाई म्हण की," माय म्हणाली.

आज सकाळी तांदूळ निवडताना ती तेच गुणगुणून राहिली. आधी ती गुणगुणायची त्यात रेडिओची गाणी मिसळलेली असायची, तरी मधूनच एखादा तुकडा तुमचा वाटायचा. मी कान देऊन बसायची. आता तोही नाही. तिच्या तोंडात आता प्रकाशची चाल बसली. अन् ती खुश आहे, दादा. तिला कोणत्या तोंडानं सांगू?

पेटीचा भाता उंदरानं कुरतडला होता, तो चिकटवून घेतलाय. तुम्हाला शब्द देते, रोज पेटी काढीन. आधी वारा भरीन, मग मुखडा वाजवीन, अन् तुम्ही थांबवलं तिथंच थांबेन. पुढं कुणाचीही चाल जोडणार नाही. माय म्हणेल, पुढचं काहून वाजवत न्हाईस? तर सांगीन, दादांनी अजून दिलं न्हाई.

तुमची लेक,
सुजाता